बिल कोणाच्या नावावर?

प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका घाऊक औषधांच्या दुकानात मी बावीस वर्षे बिले फाडली. फणसवाडीतल्या आमच्या चाळीतून निघून चिराबाजारमार्गे चालत दहा-बारा मिनिटांचा रस्ता. १९९० साली बारावी होऊन चिकटलो तेव्हा बिलबुकाला कार्बन लावावा लागे. सोडले तेव्हा संगणक आला होता. औषधाचे बिल किराण्याच्या बिलासारखे नसते. त्यावर घेणाऱ्या केमिस्टचा लायसन्स नंबर असतो, मालाचे नाव, बॅच नंबर, मुदतीची तारीख. कारखान्यातून निघालेली बाटली कुठल्या हातातून कुठल्या हातात गेली, हे त्या कागदांवरून मागे मागे जात शोधता येते. या कागदाचे खरे मोल मला नोकरी सोडल्यावर कळले, ते अमेरिकेतल्या खटल्यांविषयी वाचताना.

नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक गोष्ट माझ्या नजरेत आली. दूरच्या उपनगरातला एक लहान केमिस्ट आमच्याकडून माल नेत असे. बाकीची औषधे बेताची, पण कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाची खोकी मात्र महिन्यागणिक वाढत होती. कोडीन हा अफूतलाच एक घटक. पावसाळ्यात खोकला वाढतो हे कोणालाही कळते, पण या गृहस्थांची सर्वांत मोठी ऑर्डर मे महिन्यात आली. मी शेठना म्हटले, "मे महिन्यात एवढा कसला खोकला?" ते म्हणाले, "लायसन्स नंबर लिहिलास ना बिलावर? पैसे वेळेवर येतात ना? मग तू कशाला डॉक्टर होतोस!" मी गप्प बसलो आणि बिल फाडले.

त्याच सुमारास आमच्या वाडीतला एक मुलगा बिघडला. जिन्याखाली रिकाम्या बाटल्या सापडू लागल्या. त्याच्या आईच्या पाटल्या गेल्या, त्याची नोकरी गेली. एकदा मी एक बाटली उचलून तिचा बॅच नंबर वाचला. त्या बॅचची बिले मी स्वतः फाडली होती. ती बाटली आमच्याच दुकानातून गेली, असे मी म्हणणार नाही. एका बॅचमध्ये हजारो बाटल्या असतात. पण तो नंबर अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मुलगा पुढे सावरला. त्याच्याविषयी याहून जास्त लिहिणे योग्य नाही.

२०२५ च्या जुलैमध्ये एक बातमी वाचली आणि हे सगळे पुन्हा वर आले. अमेरिकेतील राज्यांनी आठ औषध कंपन्यांशी सुमारे ७२ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली. अफूजन्य आणि तत्सम वेदनाशामकांच्या, म्हणजे ज्यांना 'ओपिऑइड' म्हणतात त्या औषधांच्या व्यसनाने झालेल्या नुकसानीपोटी ही रक्कम राज्यांना आणि त्यांच्या गावा-शहरांना मिळणार आहे. त्या आठांत आपल्या मुंबईची सन फार्मा आहे, तिचा वाटा सुमारे ३ कोटी १० लाख डॉलर. अहमदाबादच्या झायडसचा सुमारे दीड कोटी. तडजोड केली म्हणजे दोष सिद्ध झाला असे नव्हे, हे आधीच सांगतो. पण गोरेगावात मुख्य कचेरी असलेली कंपनी अमेरिकेतल्या गावांना पैसे मोजते, हे वाचून मनात प्रश्न आला, की आपल्या गावाने असे बिल कधी कोणाला पाठवले आहे का?

पाच वाक्यांचे पत्र

अमेरिकेतले प्रकरण थोडक्यात असे. १९८० मध्ये तिथल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असताना ज्यांना अफूजन्य औषधे दिली अशा ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद आढळली, असे त्यात म्हटले होते. हे रुग्ण डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्या पत्रात काहीच नव्हते. पण पुढे शेकडो लेखांत त्याचा हवाला देण्यात आला आणि 'व्यसनाचा धोका एक टक्क्याहूनही कमी' हा समज रूढ झाला.

१९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने 'ऑक्सिकॉन्टिन' ही गोळी बाजारात आणली. कर्करोगाच्या अखेरच्या वेदनांसाठी जी औषधे जपून वापरली जात, तीच आता पाठदुखीला आणि गुडघेदुखीला लिहून दिली जाऊ लागली. व्यसनाच्या धोक्याबाबत दिशाभूल केल्याचा गुन्हा २००७ मध्ये पर्ड्यूशी संलग्न कंपनीने आणि तिघा वरिष्ठ अधिकाऱ्यांनी न्यायालयात कबूल केला. दंड साठ कोटी डॉलरहून अधिक झाला. तरी विक्री चालूच राहिली. ज्यांच्या गोळ्या बंद झाल्या किंवा परवडेनाशा झाल्या, त्यांतले अनेक जण हेरॉइनकडे आणि पुढे फेंटॅनिलकडे वळले. १९९९ ते २०२१ या काळात अमेरिकेत ओपिऑइडच्या अतिमात्रेने सुमारे ६ लाख ४५ हजार माणसे मेली.

मला त्यातला एक आकडा सर्वांत जवळचा वाटतो. वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कर्मिट नावाचे एक खेडे आहे, वस्ती सुमारे ४००. तिथल्या एकाच औषध दुकानाला दोन वर्षांत सुमारे ९० लाख गोळ्या पुरवल्या गेल्या. माझ्यासारखाच कोणीतरी घाऊक विक्रेत्याच्या टेबलाशी बसून त्या मालाची बिले करत असणार. फरक इतकाच, की तिथल्या नियमांत १९७० च्या दशकापासून 'संशयास्पद ऑर्डर' अशी एक व्याख्या होती. नेहमीपेक्षा फार मोठी, नेहमीच्या रीतीला सोडून असलेली किंवा फार वारंवार येणारी ऑर्डर दिसली, तर घाऊक विक्रेत्याने सरकारला कळवायचे. आमच्या पेढीवर हा शब्द मी कधी ऐकला नाही. मे महिन्यातल्या खोकल्याला मात्र तो तंतोतंत लागू पडतो.

गावाने मांडलेला हिशोब

आता दावे कोणी लावले ते पाहू. २०१४ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातील सांता क्लारा आणि ऑरेंज या दोन काउंटींनी दावा लावला (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारखी पातळी) आणि जूनमध्ये शिकागो शहराने. सुरुवातीला रोख उत्पादकांवर होता, नंतर घाऊक वितरक आणि औषध दुकानांच्या साखळ्याही आल्या. दाव्यांची संख्या तीन हजारांवर गेली. २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्रीय न्यायालयांतले असे दावे ओहायोतील क्लीव्हलंड येथे न्या. डॅन पोल्स्टर यांच्यापुढे एकत्र करण्यात आले.

दाव्याची मांडणी साधी होती. गावे म्हणाली, माणूस रस्त्यात निपचित पडतो तेव्हा रुग्णवाहिका आम्ही पाठवतो. त्याला शुद्धीवर आणणारे नॅलोक्सोन आम्ही विकत घेतो. शवागार आमचे, तुरुंग आमचा. आईबाप व्यसनात गेले की मुलांना सांभाळण्याचा खर्चही आमचा. माल तुम्ही विकलात, नफा तुम्ही घेतलात; निस्तरण्याचा खर्च मात्र आमच्या करदात्याच्या माथी आला. तो परत द्या.

यासाठी त्यांनी कायद्यातली जुनी कल्पना वापरली: 'सार्वजनिक उपद्रव'. रस्त्यात घाण टाकणे, विहीर नासवणे, वस्तीत धूर सोडणे हे एका माणसाविरुद्धचे नव्हे तर साऱ्या गावाविरुद्धचे कृत्य, म्हणून ज्याने ते केले त्याने निस्तरावे. अमली गोळ्यांचा पूरही असाच उपद्रव आहे, असे गावांचे म्हणणे.

न्यायालयांना हे सरसकट पटले नाही. ओक्लाहोमा राज्याने २०१९ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनविरुद्ध निकाल मिळवला, पण २०२१ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. कायद्याने परवानगी असलेल्या मालाच्या विक्रीवर उपद्रवाचा कायदा इतका ताणता येणार नाही, असा त्याचा आशय. वेस्ट व्हर्जिनियातील हंटिंग्टन शहर आणि कॅबेल काउंटी यांनीही २०२२ मध्ये हार खाल्ली. लाखभर वस्तीच्या त्या भागात आठ वर्षांत ८ कोटींहून अधिक गोळ्या आल्या होत्या, तरीही. कंपन्यांचे म्हणणेही अगदीच पोकळ नव्हते. औषध सरकारमान्य होते, चिठ्ठी डॉक्टरांनी लिहिली होती आणि एकूण कोटा सरकारच ठरवत होते.

तरी पैसे आले, ते मुख्यतः तडजोडीतून, आणि तडजोड झाली त्यात कागदांचा वाटा मोठा होता. सरकारकडे वितरकांनी भरलेल्या पुरवठ्याच्या नोंदी होत्या. वृत्तपत्रे त्यासाठी न्यायालयात गेली आणि २०१९ मध्ये त्या खुल्या झाल्या, तेव्हा २००६ ते २०१२ या सात वर्षांत ७,६०० कोटी गोळ्या देशभर गेल्याचे दिसले. कोणत्या कंपनीने कोणत्या भागात किती पाठवल्या, हेही दिसले. थोडक्यात, बिलबुके बाहेर आली. २०२२ च्या फेब्रुवारीत तीन बड्या वितरकांशी आणि जॉन्सन अँड जॉन्सनशी २,६०० कोटी डॉलरची तडजोड पक्की झाली. पर्ड्यूचे मालक सॅकलर कुटुंबीय दिवाळखोरीच्या आडून कायमचे संरक्षण मागत होते. ते २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नाकारले आणि २०२५ मध्ये ७४० कोटी डॉलरचा नवा प्रस्ताव पुढे आला.

या गावांनी आधीच्या एका चुकीतून शिकलेला धडा आपल्यालाही उपयोगी आहे. १९९८ मध्ये तंबाखू कंपन्यांकडून ४६ राज्यांना पंचवीस वर्षांत २०,६०० कोटी डॉलर देण्याचे ठरले होते. त्यातले फार थोडे तंबाखू सोडवण्याच्या कामी आले. बाकीचे राज्यांच्या अंदाजपत्रकांत जिरले. म्हणून २,६०० कोटींच्या तडजोडीत अट घातली गेली की किमान ८५ टक्के रक्कम या संकटाच्या निवारणावरच खर्च व्हावी.

उलटे बिल

हे वाचत असताना मला राहून राहून आपल्या मुंबईचा जुना हिशोब आठवत होता. अफूच्या व्यापाराने नुकसान झालेल्या सरकारने विक्रेत्यांना जाब विचारण्याचा प्रसंग याआधीही आला होता, आणि त्यात मुंबई विक्रेत्याच्या बाजूला होती. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. अमर फारुकी यांनी तर मुंबईवरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकाला 'अफूचे शहर' अशा अर्थाचे नाव दिले आहे. पारशी, गुजराती, गोवेकर अशा अनेक व्यापाऱ्यांचा त्यात हात होता. त्यांत सर्वांत मोठे नाव जमशेटजी जीजीभॉय यांचे. जार्डिन मॅथेसन या पेढीशी त्यांचे व्यवहार होते.

१८३९ मध्ये चीनच्या बादशहाने लिन झेशू या अधिकाऱ्याला कँटनला पाठवले. त्याने व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या अफू ताब्यात घेऊन नष्ट केली. मग युद्ध झाले, चीन हरला आणि १८४२ च्या नानकिंगच्या तहात त्याला २ कोटी १० लाख डॉलर मोजावे लागले. त्यांतले ६० लाख नष्ट केलेल्या अफूची किंमत म्हणून होते. म्हणजे ज्याच्या देशात व्यसन पसरले त्यानेच विकणाऱ्याचे बिल भरले.

त्याच १८४२ मध्ये जमशेटजींना 'सर' हा किताब मिळाला आणि १८४३ च्या जानेवारीत भायखळ्याच्या रुग्णालयाची कोनशिला बसली. त्यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या जे. जे. रुग्णालयाने आजवर किती गोरगरीब वाचवले त्याची गणती नाही. माझा स्वतःचा जन्म तिथलाच. म्हणून हे कुत्सितपणे लिहीत नाही. पण दान आणि भरपाई यांत फरक आहे. दान देणारा ठरवतो कोणाला आणि किती द्यायचे; भरपाईत तो अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा असतो.

आपल्याकडे काय झाले

१९८० च्या दशकात मुंबईत गर्द आली. गिरणगावातल्या आणि गिरगावातल्या कितीतरी घरांनी ते दिवस पाहिले. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा झाला. डॉ. अनिल अवचटांच्या लेखनाने मराठी वाचक हादरला, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले आणि १९८६ मध्ये अनिल व सुनंदा अवचटांचे 'मुक्तांगण' पुण्यात उभे राहिले. आपले व्यसनमुक्ती केंद्र एका लेखकाच्या पैशातून सुरू झाले याचा अभिमान वाटतोच. गर्दच्या विक्रेत्याकडून तर भरपाई मागण्याची सोयच नव्हती. चोरट्या मालावर दावा कोणावर लावणार? गर्दच्या पुडीवर बॅच नंबर नसतो.

बाटलीवर मात्र असतो. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या, केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीनुसार देशात ओपिऑइड घेणारे सुमारे २ कोटी २६ लाख आहेत. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर ०.९६ टक्के लोक औषधी गोळ्या-सिरपच्या रूपात ते घेतात. अफू घेणाऱ्यांपेक्षा हे प्रमाण जवळजवळ दुप्पट आहे. म्हणजे प्रश्नाचा मोठा भाग लायसन्स असलेल्या कारखान्यातून निघालेल्या मालाचा आहे.

अशा मालाबाबत आपण काय करतो? चौकशी, बंदी आणि छापा. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयातच भेसळयुक्त ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले. ते व्यसनाचे प्रकरण नव्हते, पण औषधाने झालेल्या हानीचे होते. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरे काढली, आरोग्यमंत्र्यांना जावे लागले. पण आयोग दोष दाखवतो, भरपाई वसूल करत नाही. कोडीनच्या सिरपवर २०१६ च्या मार्चमध्ये ३४४ मिश्रणांबरोबर बंदी आली, डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उठवली, आणि २०२३ च्या जूनमध्ये १४ मिश्रणांच्या नव्या यादीत ते पुन्हा आले. सगळा वाद पुढे विकायचे की नाही एवढ्यापुरता होता.

आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तर १८३९ चीच आठवण झाली. मुंबईची एव्हिओ फार्मास्युटिकल्स ही कंपनी टॅपेंटाडॉल हे ओपिऑइड आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू शिथिल करणारे औषध एकत्र करून पश्चिम आफ्रिकेत पाठवते, असे बीबीसीने उघड केले. या मिश्रणाला भारतात मान्यता नव्हती. केंद्राने त्याच्या निर्यातीची परवानगी काढून घेतली. केंद्र आणि राज्याच्या अधिकाऱ्यांनी सुमारे १ कोटी ३० लाख गोळ्या-कॅप्सूल जप्त केल्या आणि उत्पादन थांबवण्याचा आदेश निघाला. घानातल्या तमाले शहरात स्थानिक प्रमुखाने शंभरेक स्वयंसेवकांचे पथक उभारून रस्त्यावरच्या विक्रेत्यांवर छापे घालायला सुरुवात केली होती. त्या शहराने उद्या मुंबईला बिल पाठवले, तर ते कोणाच्या नावावर फाडायचे?

वही कोण घालणार?

सार्वजनिक उपद्रवाचा कायदा आपल्याकडेही आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली महाधिवक्ता, किंवा न्यायालयाच्या परवानगीने दोन वा अधिक नागरिक, स्वतःचे खास नुकसान झालेले नसतानाही दावा लावू शकतात. १९८० चा रतलामचा निकाल प्रसिद्ध आहे. उघडी गटारे आणि मद्यार्काच्या कारखान्याचे सांडपाणी यांना कंटाळलेले रहिवासी दंडाधिकाऱ्याकडे गेले, नगरपालिकेने पैसे नसल्याचे कारण सांगितले, न्या. कृष्ण अय्यर यांनी ते मानले नाही. पण इथे गंमत पाहा. अमेरिकेत नगरपालिका उपद्रवाविरुद्ध फिर्यादी होती, रतलामला ती जाब देणारी होती. नगरपालिका हा स्वतः नुकसान सोसणारा पक्ष आहे, ही कल्पना आपल्या अंगवळणीच पडलेली नाही.

खरे तर मुंबई महापालिकेइतका खर्च सोसणारी पालिका शोधून सापडणार नाही. केईएम, नायर, सायन ही तिचीच रुग्णालये. औषधाच्या व्यसनाने आलेला माणूस तिथे येतो आणि त्याचा खर्च करदाता भरतो. पण या कारणाने वर्षाला किती माणसे आली, किती दिवस राहिली, खाटेमागे काय खर्च झाला, कोणत्या औषधाची रिकामी पाकिटे नातेवाइकांनी आणून दाखवली, याची वेगळी वही असायला हवी. दावा लावायचा की नाही हे पुढचे. वहीशिवाय बिल होत नाही. आणि ती मागणार कोण? २०२२ च्या मार्चपासून पुढची काही वर्षे तर महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता.

एक सावधगिरी मात्र हवी. १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे आपल्याकडे मॉर्फीनचा वैद्यकीय वापर कोसळला आणि कर्करोगाचे रुग्ण तळमळत राहिले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. माझ्या वडिलांच्या शेवटच्या दोन महिन्यांत मॉर्फीनच्या गोळ्यांसाठी मी शहरभर फिरलो आहे, आणि मी स्वतः औषधबाजारातला माणूस. म्हणून मला बंदीची भाषा पुरेशी वाटत नाही. बंदी गरजवंतालाही मारते. हिशोब मात्र जास्त बारीक काम करतो. ज्याने मे महिन्यात खोकल्याची खोकी उचलली त्याच्यावर तो बोट ठेवतो, आणि ज्याने त्याचे बिल फाडले त्याच्यावरही.

त्या काळातली बिलबुके आमच्या दुकानाने केव्हाच रद्दीत घातली. कायद्याने ठेवायची मुदत संपली की ती जागा अडवतात. आजची बिले संगणकात आहेत. कोणत्या केमिस्टने कोणत्या महिन्यात काय उचलले हे एका बटणावर दिसते. ते पाहण्याची सक्ती घाऊक विक्रेत्यावर हवी, आणि दुसऱ्या टोकाला रुग्णालयाची वही हवी. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पुढचा प्रश्न विचारता येतो. मी तो विचारला होता, पण शेठना. तो महापालिकेने विचारायला हवा.